पीटरकडं जाऊन येतो

आयर्लंडमधल्या क्लूनारा गावच्या पडक्या मठाची किल्ली फीरिकांच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. वीतभर लांब, लोखंडी, उन्हाळ्यातही गार. मठाच्या फाटकावर सरकारी पाटी होती: किल्ली शेजारच्या घरी मिळेल. मठ आणि घर यांच्यामध्ये फक्त परस होतं. परसाच्या टोकाला, मठाच्या भिंतीला टेकून, फीरिकांचा संडास.

डिंपना सून होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला आधी चूल दाखवली आणि मग ही किल्ली.

"दार वाजलं की द्यायची," सासू म्हणाली. "आणि परत मागून घ्यायची. माणसं खिशात घालून डब्लिनला निघून जातात."

"आत बघायला काय आहे?"

"आमची माणसं आहेत. वेदीच्या उजव्या हाताला, चार पिढ्या. तूही तिथंच जाशील. नीट वागलीस तर."

आत काय कुठं आहे ते डिंपना गावातल्या बायकांकडून शिकली. छप्पर नसलेलं उंच चर्च. त्याच्या दक्षिणेला गवताचा चौक. चौकाभोवती पडक्या खोल्या. ही साधूंची शाळा. ही कोठडी, इथं वात्रट साधूंना कोंडत. हे स्वयंपाकघर. आणि अगदी टोकाला, ओढ्याच्या अंगाला, प्रेषितांची खोली.

ती खोली लांबट आणि अरुंद होती. एका भिंतीत जमिनीलगत बारा कमानदार कोनाडे होते. येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती तिथं होत्या, पण इंग्रज सैनिकांनी त्या फोडल्या, असं गाव सांगायचं. एक कोनाडा ढासळलेला होता. तो जुडासचा, येशूला दगा देणाऱ्या शिष्याचा. दाराजवळचा पहिला पीटरचा, कारण स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या पीटरकडं असतात. परीक्षा असो, लग्न असो, कुणी बोटीनं अमेरिकेला निघालेलं असो, बायका तिथं येऊन मेणबत्ती लावायच्या. कोनाडे इतके खाली होते की गुडघे टेकल्याशिवाय मेणबत्ती ठेवताच यायची नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात डिंपनाला मुलगा झाला. त्या आठवड्यात जमीन गोठून दगड झाली होती. बाळ श्वास न घेताच आलं, असं सासूनं फादरना सांगितलं. डिंपनाला एक आवाज ऐकू आला होता. बारीक, दार करकरल्यासारखा.

"मांजर होतं," सासू म्हणाली.

त्या घरात मांजर नव्हतं.

ज्याच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नाही त्याला पवित्र जमीन नाही. अशा मुलांसाठी गावाबाहेर दलदलीच्या कडेला एक कोपरा होता. काटेरी झुडपं होती. दगड नव्हता, नाव नव्हतं. बाप अंधार पडल्यावर एकटाच जायचा, खोकं पुरायचा आणि पुन्हा त्याबद्दल बोलायचा नाही. डिंपनानं त्या कोपऱ्यात गुरं उभी असलेली पाहिली होती. चिखलात त्यांचे खूर रुतलेले होते.

"तिथं नको," ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याचं नाव मलाकी. लग्नानंतर तिनं त्याच्याकडं मागितलेली ही पहिलीच गोष्ट. "मठात ने. आत."

 सासूनं लोण्याचं रिकामं खोकं दिलं होतं. ते मलाकीनं काखेत धरलं, कुदळ आणि फावडं घेतलं, खिळ्यावरची किल्ली काढली आणि गेला. त्याला फार वेळ लागला नाही.

"ठेवलं," आल्यावर तो म्हणाला.

"कुठं?"

"आत."

"आत कुठं, मलाकी?"

तो बूट काढत होता. त्यानं मान वर करून आईकडं पाहिलं.

"प्रेषितांच्या खोलीत."

"कुणाच्या खाली?"

"पीटरच्या."

सासू चुलीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. डिंपनाला वाटलं, रडतेय.

ती रात्रभर पडून विचार करत राहिली. पीटरकडं किल्ल्या असतात. हे घर किल्लीचं घर. बाप्तिस्मा नसलेल्या पोराला स्वर्गाबाहेर कोण ठेवणार, तर पीटर. म्हणून यानं त्याला थेट पीटरच्या पायाशीच नेऊन ठेवलं. हा माणूस बोलत नाही, पण एवढा विचार करतो. फादरना कळलं असतं तर सगळ्या गावासमोर त्याला उभं केलं असतं. तरी त्यानं केलं. त्या रात्री डिंपनाला पहिल्यांदा वाटलं की आपलं लग्न चांगल्या घरात झालंय.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर सासू उठली. शाल पांघरली आणि म्हणाली, "जरा पीटरकडं जाऊन येते."

मलाकीच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. त्यानं तोंडावर हात धरला.

डिंपनानं मान खाली घातली. बाई कडक आहे, पण नातवाकडं जातेय. परसातून, मागच्या वाटेनं, कुणाला न दाखवता.

मग मलाकीही म्हणायला लागला. सकाळी चहा झाला की खुर्ची मागं सरकवायची आणि "पीटरकडं जाऊन येतो." त्याची मोठी बहीण असंप्टा, बिनलग्नाची, दोन घरं पलीकडं राहायची. ती आली की तीही म्हणायची. प्रत्येक वेळी डिंपना डोळे मिटायची आणि एक लहानशी प्रार्थना पुटपुटायची. ती कधी कुणाच्या मागं गेली नाही. माणसाला आपल्या दुःखापाशी एकटं जाऊ द्यावं, एवढं तिला कळत होतं. स्वतः ती रविवारी मेणबत्ती घेऊन जायची. पीटरच्या कोनाड्याशी ओल्या काळ्या मातीत गुडघे टेकायची.

मलाकी वाईट नवरा होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच त्यात विशेष वाटत नव्हतं. तिनं माहेराहून आणलेली गाय त्यानं तिला न विचारता विकली. बिनसलं की आठवडेच्या आठवडे तिच्याशी बोलायचा नाही. बोलला तर कुत्र्याला उद्देशून. पुन्हा मूल झालं नाही तेव्हा एकदा जत्रेत, चारचौघांत, कुणीतरी विचारलं की शेत कसं आहे.

"शेत बरंय," तो म्हणाला. "घरातली जमीन तेवढी पडीक निघाली."

माणसं हसली. डिंपना तिथंच उभी होती, अंड्यांची टोपली घेऊन. त्या रात्री तिनं पिशवीत कपडे भरले. सकाळी उठून मलाकी म्हणाला, "पीटरकडं जाऊन येतो." तो गेला आणि तिनं पिशवी रिकामी केली. त्याच्या ब्रेडला लोणी लावून ठेवलं.

असं पुष्कळदा झालं.

सासू गेली. तिला वेदीच्या उजव्या हाताला पुरलं. काही वर्षांनी घरात, जिन्याखाली, पाण्याचा संडास बसवला. मलाकीनं परसातलं जुनं खोपटं पाडून टाकलं. त्यानंतर तो पीटरकडं जाईनासा झाला. डिंपनाच्या ते लक्षात आलं. विसरला, तिला वाटलं. पुरुष विसरतात. तिला राग आला नाही. तीच बुधवारीही जायला लागली, त्याच्या वाटचं.

किल्ली मागायला येणाऱ्यांना ती मठ दाखवायची. "ही शाळा. ही कोठडी. हे प्रेषित. इथं पीटर, त्याच्या शेजारी जॉन." तिथं तिचा आवाज हळू व्हायचा. एकदा टोपी घातलेला एक जाडजूड पाहुणा तिचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. डिंपनाला वाटलं, प्रोटेस्टंट असतील.

ती साठीला आली त्या वर्षीची गोष्ट. मास्तर हेनेगन शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांना वेळ जात नव्हता. हिवाळाभर त्यांनी मठांवर वाचलं. मग गावच्या संताच्या सणाच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, त्यांनी सगळ्यांना मठात बोलावलं. कुठली खोली कसली ते गावाला एकदा नीट कळू दे, म्हणाले. हर्लिंग खेळायच्या मैदानावर रेघा मारायचं फक्कीचं चाकाचं यंत्र त्यांनी मागून आणलं. शेजारचा जार्लथ ते ढकलायला तयार झाला. जिथं भिंती उरल्या नव्हत्या तिथं फक्कीनं भिंती काढायच्या, असं ठरलं.

मलाकीचा खुबा धरला होता. तो घरी राहिला. डिंपनानं किल्ली घेतली, फाटक उघडलं आणि सगळ्यांबरोबर आत गेली. रविवार होता म्हणून कोटाच्या खिशात मेणबत्ती होतीच.

"ही मुख्य वेदी," मास्तर म्हणाले. "अख्ख्या मठात यापेक्षा पवित्र जागा नाही. आणि तिच्या उजव्या हाताला कोण झोपलंय? फीरिक. गावात एवढी चांगली जागा कुणालाच मिळालेली नाही."

असंप्टानं हॅट सरळ केली.

मास्तर चौकात आले. "आता गंमत बघा. या पंथाचे मठ सगळीकडं एकाच नकाशाचे. इथला एखादा आंधळा साधू उचलून फ्रान्समधल्या मठात सोडला, तर जेवायच्या वेळेला तो बरोबर टेबलाशी हजर होईल."

"आमचा बापही असाच दारूच्या गुत्त्यात पोचायचा," जार्लथ म्हणाला.

पांढरी रेघ पुढं सरकत गेली. गाव ज्याला शाळा म्हणत होतं ती साधूंची सभेची खोली निघाली. कोठडीही कोठडी नव्हती.

"इथं साधूंना कोंडत नव्हते," मास्तर म्हणाले. "पुस्तकं कोंडत होते. कपाट आहे हे, पुस्तकांचं."

"तुमच्या शाळेत उलटं होतं, मास्तर. पुस्तकं मोकळी आणि आम्ही कोंडलेले."

माणसं मजेत होती. ऊन पडलं होतं. कुणीतरी गोळ्यांची पुडी फिरवत होतं. डिंपनालाही सुरुवातीला मौज वाटली. इतकी वर्षं आपण पाहुण्यांना चुकीचं सांगितलं, आता नीट सांगू, असं तिच्या मनात आलं.

"मठ समजायचा असेल तर पाण्याच्या मागं जायचं," मास्तर म्हणाले. "वरच्या अंगाला ओढ्यातून पाट काढलाय. तो आधी कुठं येतो? स्वयंपाकघरात. स्वच्छ पाणी. मग जेवणघराच्या दाराशी, हात धुवायला. मग धुणंपाणी. म्हणजे पाणी घाण होत होत खाली जातंय. जार्लथ, चल."

जार्लथनं यंत्र वळवलं. बुजलेल्या पाटावरून पांढरी रेघ निघाली. जेवणघराच्या कडेनं, मोडक्या जिन्याखालून, चौकाच्या कोपऱ्यातून. डिंपना रेघेबरोबर चालत होती. मग तिनं मान वर केली आणि रेघ कुठं चाललीय ते पाहिलं. समोर आता एकच खोली उरली होती.

ती थांबली. मास्तरांनी अजून काही सांगितलं नव्हतं.

"आणि शेवटी, ओढ्यात परत पडायच्या आधी, पाणी इथून जातं." मास्तर प्रेषितांच्या खोलीत उभे होते. त्यांना बोलायला थोडा संकोच वाटत होता आणि थोडा आनंदही होत होता. "वर साधूंची झोपायची खोली होती. पहाटे उठून ते या अंगाला यायचे. वर एका रांगेत बारा फळ्या होत्या, प्रत्येक फळीला भोक. खाली भिंतीतून बारा नळकांडी. आपण कोनाडे म्हणतो ती त्यांची तोंडं आहेत."

कुणाला लगेच कळलं नाही.

"कसली तोंडं, मास्तर?"

"संडासाची."

 मग जार्लथनं यंत्राचा दांडा सोडला आणि भिंतीला टेकला. त्याला उभं राहवेना.

"माझी आजी," तो म्हणाला, "माझी आजी इथं गुडघे टेकून..."

"नाक दाबून टेकत असेल."

"बाराच्या बारा एका वेळी, मास्तर? गप्पा मारत?"

"साधूंना बोलायची बंदी होती."

"बोलले नसतील. पण आवाज तर येत असेल की."

"मी लग्न ठरावं म्हणून जॉनला मेणबत्ती लावली होती," जार्लथची बायको म्हणाली.

"मग बरोबर आहे," बायकांतून कुणीतरी म्हणालं. "त्यानं हाताशी होतं ते दिलं."

जार्लथ सगळ्यात जास्त हसला. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या मातीत कुणी आहे हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे, दोघी सोडून.

"आमच्या घरी हे पहिल्यापासून माहीत होतं," असंप्टा म्हणाली.

ती मास्तरांशी बोलत होती. पण पाहत होती डिंपनाकडं.

"सरकारी गवंडी आले होते ना भिंती सावरायला, तेव्हा आमचे वडील त्यांच्या हाताखाली होते. त्या लोकांनी सांगितलं त्यांना. वडिलांनी गावात बोलू दिलं नाही. म्हणाले, लावू दे बायकांना मेणबत्त्या, कुणाचं काय जातंय. पण घरात आम्ही भावंडं म्हणायचोच. परसाकडं निघालं की म्हणायचं, जरा पीटरकडं जाऊन येतो."

गाव पुन्हा हसायला लागलं. पहिल्यापेक्षा जास्त. जार्लथनं ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं.

"नव्या सुनेसमोर पहिलं वर्षभर जपून बोलायचो," असंप्टा म्हणाली. "मग काय. घरचीच झाली ती. हो ना गं, डिंपना?"

डिंपनाचा हात कोटाच्या खिशात होता. मेणबत्ती मऊ झाली होती.

"हो," ती म्हणाली.

मंडळी चहाला पांगली. ती फाटकापाशी उभी राहिली, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. मग कुलूप लावलं.

मलाकी चुलीजवळ बसला होता. पाय स्टुलावर होता.

"बरंच खिदळत होते," तो म्हणाला. "काय, मास्तरचं नाक कापलं गेलं का?"

तिनं किल्ली खिळ्याला लावली. कोट काढला नाही.

"तू त्याला कुठं ठेवलंस?"

"कुणाला?"

तिनं खिशातली मऊ मेणबत्ती टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं त्याला कळलं.

"अजून तेच धरून बसलीयेस? सांगितलं होतं की. त्या खोलीत."

"का?"

"का म्हणजे? सगळीकडं जमीन दगड झाली होती. वेदीपाशी दोन घाव घातले. कुदळ अंगावर परत यायला लागली. त्या खोलीत माती मऊ असते. कायमची. का असते ते मास्तरनं आज सांगितलंच असेल."

"पीटरच्या खाली म्हणालास."

"तू विचारत होतीस. कुणाचं तरी नाव सांगायला हवं होतं." त्यानं पाय सरळ केला आणि कण्हला. "अंधारात पीटर काय अन् जुडास काय. जिथं कुदळ गेली तिथं ठेवलं. तुला आत हवं होतं. आत ठेवलं. मग?"

"आणि रोज सकाळी म्हणायचास. पीटरकडं जाऊन येतो."

 त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटत गेलं.

"तुला काय वाटलं, मी..." तो म्हणाला. आणि हसायला लागला. आवाज न करता आधी, मग खोकल्यासकट. स्टूल कलंडलं. "रोज सकाळी? चहा पिऊन?"

तिनं स्टूल सरळ केलं. त्याचा पाय उचलून परत त्यावर ठेवला. हाताला सवय होती.

"आईला कळलं होतं," श्वास सापडल्यावर तो म्हणाला. "ती म्हणायची, पोरगी डोळे मिटते बघ. मला खरं वाटायचं नाही. आई म्हणाली, राहू दे. निदान रडत तरी नाही."

डिंपना चुलीकडं वळली. बटाटे उकडायला टाकायचे होते.

त्यानंतर त्या घरात फारसं काही बदललं नाही. स्वयंपाक व्हायचा. चूल पेटायची. फक्त ब्रेड कोरडा यायला लागला.

"लोणी संपलं काय?" मलाकी विचारायचा.

"नाही."

गावात मात्र ते वाक्य राहिलं. गुत्त्यात बाकावरून उठताना माणसं म्हणायची, "पीटरकडं जाऊन येतो." दुकानात एक पोरगी आईचा झगा ओढून म्हणाली, "आई, मला पीटरकडं जायचंय," आणि आई डिंपनाकडं बघून लाजल्यासारखी हसली. मेणबत्त्या थांबल्या. डिंपनाचीही. ती त्या खोलीच्या दारापर्यंत जायची. पण आत कुठं गुडघे टेकायचे ते तिला कळत नव्हतं. पावसानं फक्की धुऊन गेली.

मलाकी जानेवारीत गेला, झोपेत. पुन्हा तसाच हिवाळा होता. ओढ्याच्या कडांना बर्फ धरलं होतं. त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं, हातात जपमाळ गुंडाळली. रीतीप्रमाणं सगळं गाव येऊन गेलं. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर माणसं चहा घेऊन बसली. मध्येच एक जण उठला आणि सवयीनं म्हणाला, "जरा पीटरकडं जाऊन येतो." म्हटल्यावर त्याला कुठं आहोत ते आठवलं. पण तोवर दोघातिघांच्या कपांतून चहा उडाला होता. असंप्टाही हसली, डोळ्यांत पाणी असताना.

"त्याला आवडलं असतं," ती म्हणाली.

"हो," डिंपना म्हणाली. "त्याला आवडलं असतं."

खड्डा शेजाऱ्यांनी खणायचा असतो. सकाळी जार्लथ किल्ली घेऊन गेला होता. दुपारच्या आत तो परत दारात आला, टोपी हातात, अंगातून वाफ निघत होती.

"काकू, आत दगड झालाय नुसता. वेदीपाशी वीतभरसुद्धा गेलो नाही. कुदळ अंगावर परत येते. पण खणू आम्ही. संध्याकाळपर्यंत लागेल."

डिंपना थाळ्या पुसत होती. ती थांबली.

"काय म्हणालास?"

"कुदळ, काकू. अंगावर परत येते."

तिनं थाळी खाली ठेवली. फडकं घडी करून तिच्यावर ठेवलं.

"मग कशाला त्रास घेता," ती म्हणाली. "खाली नवी दफनभूमी आहे ना, दलदलीच्या कडेची. तिथं माती मऊ असते."

 आतल्या खोलीतून असंप्टा आली.

"वेड लागलंय का तुला? फीरिक माणूस वेदीपाशी जातो. चार पिढ्या. त्यानं हयातभर एवढीच एक गोष्ट मागितली."

"जमीन गोठलीय, असंप्टा."

"त्या चिखलात? तिथं पाणी भरतं. तिथं गुरं चरायची. तिथं..." असंप्टा थांबली. तिथं आधी काय होतं ते तिच्या ओठावर आलं होतं. दलदलीच्या कडेचा तो कोपरा सरकारनं कुंपण घालून सपाट केला होता आणि त्याचीच नवी दफनभूमी केली होती.

"हो," डिंपना म्हणाली. "तिथं."

असंप्टा फादरकडं धावली. फादर तरुण होते, गावात नवे होते. त्यांनी विधवेला विचारलं. विधवा म्हणाली, खाली. फादरना त्यात काही वावगं दिसलं नाही.

खड्डा तासाभरात झाला. पण पेटी येईपर्यंत त्यात पाणी भरलं. जार्लथनं बादलीनं उपसलं, ते पुन्हा भरलं. दोरानं पेटी खाली सोडली तेव्हा ती तळाला टेकेना. थोडी हलली, एका कुशीवर कलली. जार्लथला फावड्यानं ती दाबून धरावी लागली. माती पडेपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला. असंप्टा मोठ्यानं रडत होती. डिंपनानं शेवटपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिळ्यावरची किल्ली काढली. कोळशाचं फावडं आणि बादली घेतली आणि मठात गेली. गवत पायाखाली मोडत होतं. प्रेषितांच्या खोलीत वरचा थर फोडला की खाली माती मऊ होती. काळी, गुळगुळीत. तिनं पीटरच्या कोनाड्यापासून सुरुवात केली. एक फावडं घेतलं. मग जॉन. मग पुढचा. नावं तिला पाठ होती. प्रत्येकाच्या खालून एक. ढासळलेल्या कोनाड्याशी ती थांबली नाही. जुडासच्या खालूनही घेतलं.

मातीत काही दिसलं नाही. एवढ्या वर्षांनी काय दिसणार.

बादली जड झाली. दोन्ही हातांनी धरून, चौकातून, सभेच्या खोलीवरून, पुस्तकांच्या कपाटावरून, ती चर्चमध्ये आली. वेदीच्या उजव्या हाताला जार्लथनं खणायला घेतलेला उथळ खड्डा तसाच होता. सासूच्या छातीवर, सासऱ्याच्या पायाशी. तिनं गुडघे टेकले आणि बादली ओतायला घेतली.

"काय करतेयस तू?"

असंप्टा दारात उभी होती, काळ्या कोटात, हातात माळ. फाटक उघडं दिसलं म्हणून आली होती. तिनं बादलीकडं पाहिलं. मग माती कुठून आणलीय ते तिला कळलं.

"ती घाण," ती म्हणाली.  "माझ्या आईच्या अंगावर ती घाण टाकतेस?"

आयुष्यभर डिंपना तिला तुम्ही म्हणत आली होती.

"घाण कसली," ती म्हणाली. तिनं बादलीचा तळ हातानं खरवडला. राहिलेली माती खड्ड्यात टाकली आणि वरून तळवा फिरवून सारखी केली. "तुमच्याच घरचं आहे ते, असंप्टा. तूच तर जायचीस त्याच्याकडं. आता इथं येत जा."